गावपातळीवर चित्रपट महोत्सव करायचाय: पडदा, आवाज, हक्क आणि नंतरच्या गप्पा

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही सात जण आहोत. आसपासच्या पाच-सहा छोट्या गावांसाठी मिळून तीन संध्याकाळचा चित्रपट महोत्सव करायचं मनात आहे. जवळपास थिएटर नाही. मोबाइलवर सगळेच काही ना काही बघतात, पण एकेकटे, कानात बोंडं घालून. शेजारी बसलेल्या माणसाबरोबर सिनेमा बघणं आमच्या भागातून जवळजवळ गेलंय.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. मागे आम्ही शाळेच्या भिंतीवर चाळीस मिनिटांचा एक माहितीपट दाखवला होता. पाण्यावरचा होता. तीसेक माणसं आली. संपल्यावर सगळे उठले, पण एक आजोबा बसून राहिले. मला वाटलं, त्यांना उठायला हात हवाय. जवळ गेले तर म्हणाले, "ती बाई विहिरीत उतरली तेव्हा फोटो काढणारा कुठं उभा होता? तो पण आत उतरला होता का?" मी गप्प झाले. मी तो माहितीपट चार वेळा पाहिला होता आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मग आम्ही दोघांनी तो प्रसंग पुन्हा लावून बघितला. बघता बघता आणखी आठ-दहा जण मागे येऊन उभे राहिले. त्या रात्री घरी जायला फार उशीर झाला.

मला तसं काहीतरी पुन्हा घडायला हवंय. पण तीन दिवस आणि दोन-अडीचशे माणसं म्हटल्यावर धीर होत नाही. उघड्यावर पडदा केवढा लावावा? आवाज शेवटपर्यंत कसा पोहोचवावा? चित्रपट कुणाकडून, कसे मागायचे? आणि आमच्यातलेच काही म्हणतात की एखादा नावाजलेला पाहुणा आणल्याशिवाय कुणी फिरकणार नाही. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा. लांबलं तरी चालेल, सगळं वाचून काढीन.

दिवाबत्ती

ताई, मी बरीच वर्षं गावोगाव प्रोजेक्टर घेऊन फिरतोय, त्यामुळे पडद्याचं मी सांगतो.

पहिली चूक सगळे एकच करतात: पडदा मोठा आणि प्रोजेक्टर लहान. लहान पडद्यावरचं लख्ख चित्र माणसं दोन तास बघतात, मोठ्या पडद्यावरच्या फिक्या चित्राला पंधरा मिनिटांत कंटाळतात. हिशेब असा आहे. चांगल्या थिएटरात पडद्यावरची उजळता साधारण ४८ निट असते. ५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच पडदा म्हणजे १४ चौरस मीटर. साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढी उजळता यायला सुमारे २१०० ल्युमेन (यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) लागतात. हे झालं पूर्ण अंधारात, नव्या दिव्यावर. दिवा जुना होत गेला की उजेड निम्म्यावर येतो, आणि रंग खरे दिसावेत म्हणून प्रोजेक्टर सिनेमाच्या मोडवर टाकला की आणखी कमी होतो. म्हणून ५ मीटरच्या पडद्याला ४०००-५००० ल्युमेनचं यंत्र घ्या. भाड्याने घेताना डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. ल्युमेनच्या आधी 'अन्सी' किंवा 'आयएसओ' लिहिलंय का, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलंय का, ते बघा. स्वस्त यंत्रांवर नुसतेच फुगवलेले आकडे छापलेले असतात.

यंत्र किती लांब ठेवायचं हे त्याच्या थ्रो रेशोवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं त्यावर, ठरतं. रेशो १.५ असेल आणि पडदा ५ मीटरचा, तर ७.५ मीटर. म्हणजे यंत्र बरोबर लोकांच्या मधोमध येणार. त्याच्याभोवती दोरीचं कुंपण घाला आणि पोरांना तिथून पळू देऊ नका. वायर माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून नेऊच नका. न्यावीच लागली तर रबरी पट्टीखालून न्या.

शेवटचा माणूस पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. तुमच्या पडद्याला ते अंतर १७ मीटर येतं. दोन-अडीचशे माणसं जमिनीवर त्यात मावतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून दीड मीटर वर घ्या. सबटायटल्स तळाशी असतात, पुढच्यांची डोकी आडवी आली की मागच्यांना अर्धा सिनेमा कळतच नाही.

आता वारा. हे मी ठोकर खाऊन शिकलोय. १४ चौरस मीटरचा ताणलेला पडदा म्हणजे जहाजाचं शीडच. ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुटला की त्यावर ८५-९० किलोचा रेटा बसतो. एकदा आमच्या चौकटीचा एक पाय उचलला गेला तेव्हा मी आणि अजून तिघं चौकटीला लोंबकळत होतो आणि समोर पोरं बसली होती. त्या दिवसापासून माझा नियम असा: चौकटीला मागून-पुढून दोन्ही बाजूंनी ताण, प्रत्येक ताण खुंट्याला, खुंट्यावर पाण्याचे भरलेले पिंप. आणि एक माणूस फक्त वाऱ्यावर लक्ष ठेवायला, त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही. त्याने "उतरवा" म्हटलं की पडदा उतरवायचा, सिनेमा कितीही रंगात आलेला असो. शक्य असेल तर भिंतच वापरा. पांढरा चुना लावलेली, खड्डे नसलेली भिंत कुठल्याही पडद्याइतकी चांगली.

अंधाराबद्दल दोन गोष्टी. सूर्य मावळला की लगेच सुरू करू नका. काळा रंग काळा दिसायला सूर्य क्षितिजाच्या १२ अंश खाली जावा लागतो. उष्ण प्रदेशात त्याला ४५-५० मिनिटं लागतात, ध्रुवांकडे सरकाल तसं कितीतरी जास्त. तो वेळ मुलांच्या भडक रंगांच्या छोट्या फिल्मसाठी ठेवा. दुसरं म्हणजे, पौर्णिमा टाळा असं लोक सांगतील. ते काही खरं नाही. पौर्णिमेचा उजेड जेमतेम पाव लक्स (एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) असतो, पडद्याला त्याने फरक पडत नाही. खरा त्रास रस्त्यावरच्या खांबाचा. तो एकटा ५-१० लक्स उजेड पडद्यावर टाकतो आणि सगळ्या सावल्या राखाडी होतात. तो दिवा त्या तीन तासांपुरता बंद करण्याची परवानगी आधी काढा. आणि चांदणं असलं तर माणसं रात्री सुखाने घरी पोहोचतात. मी तर मुद्दाम पौर्णिमेच्या आसपासच तारखा धरतो.

कानसेन

दिवाबत्तींनी चित्राचं सांगितलं, मी आवाजाचं सांगतो. चित्र थोडं फिकं असलं तर माणूस डोळे बारीक करून बघतो. संवाद कळले नाहीत तर उठून जातो. पैसे कमी असतील तर चित्रातून कापा, आवाजातून कापू नका.

उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे आवाज परतून येत नाही. अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ४ मीटरवर बसलेल्याला जे ऐकू येतं त्यापेक्षा १६ मीटरवरच्याला १२ डेसिबल कमी. लोक मग पुढचे स्पीकर वाढवतात, पुढची म्हातारी माणसं कान धरतात आणि मागच्यांना तरीही कळत नाही. त्यापेक्षा स्पीकर उंच स्टँडवर, माणसांच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेकडे थोडे झुकवून लावा. असं केलं की पुढच्या आणि मागच्या माणसाच्या स्पीकरपासूनच्या अंतरात फारसा फरक राहत नाही.

गर्दी वाढली आणि मागे स्पीकरची दुसरी जोडी लावायची वेळ आली तर डिले लावायला, म्हणजे मागचा आवाज किंचित उशिरा सोडायला, विसरू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १७ मीटर पार करायला त्याला १/२० सेकंद लागतो, ३४ मीटरला १/१० सेकंद. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे ३४ मीटरवर ओठ आणि शब्द जवळजवळ अडीच फ्रेमनी फाटतात. मागच्या स्पीकरला डिले नसेल तर तिथल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मिक्सरवर अंतर मीटरमध्ये टाकून डिले बसवता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि चाचणी गाण्यावर करू नका! स्पीकरवाला नेहमी गाणं लावतो आणि म्हणतो "बघा कसं दणकतंय". सिनेमातला सगळ्यात हळू बोललेला संवाद शोधा, तो लावा, आणि शेवटच्या माणसाच्या जागी जाऊन खाली बसा. उभं राहून ऐकू नका, बसा. तिथे शब्द कळला तर झालं. बहुतेक वेळा बास (खर्जाचा आवाज) बराच कमी करावा लागतो, मग बोलणं मोकळं होतं.

जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एखाद्या इमारतीच्या आड, वायर पुरेल तेवढा लांब. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर हवेतच. वीज गेली की दिव्याच्या यंत्रातला पंखा थांबतो, तापलेला दिवा थंड होत नाही आणि त्याचं आयुष्य घटतं.

रानजाई

दिवाबत्तीदादा, कानसेनदादा, तुमचे दोन्ही प्रतिसाद छापून भिंतीवर लावलेत. वाऱ्यावरचा माणूस ठरला सुद्धा. आमच्यातली एक मुलगी आहे, तिचं कुणी ऐकलं नाही तर ती फार चिडते, तिलाच ते काम दिलंय.

आता हक्कांचं. एकाकडे ऑनलाइन सिनेमाच्या सेवेचं सभासदत्व आहे. तो म्हणतो त्यावरूनच लावू, आपण कुठे तिकीट घेतोय. मला हे बरोबर वाटत नाही, पण नक्की कसं सांगावं कळत नाही.

शाईपेन

रानजाई, तुला वाटतंय ते बरोबर आहे. घरी बघण्यासाठी घेतलेलं सभासदत्व किंवा विकत घेतलेली डिस्क घरापुरतीच असते. मैदानात लोकांना दाखवणं हा जाहीर प्रयोग. त्याचा हक्क वेगळा आणि तो वेगळा मागावा लागतो. तिकीट नसल्याने सहसा काही बदलत नाही. शिवाय बऱ्याच देशांत जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र किंवा स्थानिक परवानगी लागते, ती तारीख ठरायच्या आधी विचारून घ्या.

जुना सिनेमा म्हणजे फुकट असंही नाही. १८८६ च्या बर्न करारानुसार चित्रपटाला लोकांपुढे आल्यापासून निदान ५० वर्षांचं संरक्षण द्यावं लागतं. पुष्कळ देश जास्त देतात. भारतात ते ६० वर्षं आहे. आणि चित्रपट मुक्त झाला तरी त्यावर नंतर चढवलेलं संगीत किंवा नव्याने केलेली सबटायटल्स कुणाच्या तरी मालकीची असू शकतात.

पण घाबरू नकोस. लघुपट आणि माहितीपट करणाऱ्यांना प्रेक्षक हवे असतात. त्यांना थेट पत्र लिहायचं. माझ्या पत्रात या गोष्टी असतातच: आम्ही कोण, कुठल्या तारखेला, किती वाजता, किती माणसं, तिकीट आहे की नाही, पडदा केवढा, फाइल प्रयोगानंतर पुसली जाईल हे वचन, आणि लोकांचं म्हणणं लिहून पाठवू हे दुसरं वचन. या शेवटच्या वचनाला दिग्दर्शक भुलतात. मी एकदा नऊ पानं पाठवली होती. त्या दिग्दर्शिकेने पुढची फिल्म न मागता पाठवली.

मोठ्या वितरकांना मात्र फार आधी लिहा आणि उत्तर येईल असं गृहीत धरू नका. प्रत्येक संध्याकाळसाठी एक राखीव चित्रपट परवानगीसकट हाताशी ठेवा.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावरच्या, म्हणजे कर्त्यानेच काही अटींवर वापरायला मोकळ्या ठेवलेल्या, फिल्मही आहेत. ब्लेंडर हे मोफत ॲनिमेशन सॉफ्टवेअर करणाऱ्या ब्लेंडर फाउंडेशनने २००६ पासून आपल्या ॲनिमेशन फिल्म अशा मुक्त परवान्यावर दिल्यात. बऱ्याचशांत संवाद नाहीत किंवा अगदी थोडे आहेत, मुलांच्या खेळासाठी सोन्यासारख्या. फक्त परवान्याची अक्षरं वाचा. 'एनसी' असेल तर व्यावसायिक वापर नाही, आणि मग तिकीट किंवा जाहिरातदार असेल तेव्हा विचारूनच दाखवा. श्रेयनामावली शेवटपर्यंत चालू ठेवा, मध्येच कापू नका.

फाइलचं एक सांगते. महोत्सवांना डीसीपी, म्हणजे थिएटरच्या यंत्रांसाठी केलेली डिजिटल प्रत, पाठवतात. ती साध्या लॅपटॉपवर सरळ चालत नाही, आणि कुलूपबंद असेल तर किल्ली ठरावीक यंत्रालाच आणि ठरावीक वेळेपुरतीच लागू असते. पत्रातच लिहा की आम्हाला साधी एचडी फाइल हवी. आल्यावर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्याच लॅपटॉपवर बघा. पहिली दोन मिनिटं बघून "चालतेय" म्हणू नका. आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर दुसरी प्रत, दुसऱ्या माणसाच्या खिशात.

स्पष्टवक्ता

सगळी माहिती उत्तम आहे, पण मला एक मनापासून सांगायचंय. मीही हे केलंय आणि हात पोळून घेतलेत. आम्ही फार विचार करून निवडलेले चित्रपट लावले, पाहुणा नाही, बक्षीस नाही. पहिल्या दिवशी साठ माणसं, तिसऱ्या दिवशी अकरा. त्या अकरांत सहा आम्हीच. पुढच्या वर्षी एक ओळखीचा चेहरा बोलावला, स्पर्धा ठेवली, मैदान भरलं. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी घराबाहेर काढायचं तर त्याला कारण द्यावं लागतं. रानजाई, तुमच्यातले जे पाहुणा आणा म्हणतात त्यांना हसू नका.

पायवाट

स्पष्टवक्ता यांच्या अनुभवाला मान आहे. पण कारण म्हणजे पाहुणाच, असं मला वाटत नाही. महोत्सवाची जागा आणि तिथल्या गप्पाच लोकांना ओढून आणतात, अशी उदाहरणं आहेत.

जपानमध्ये युफुइन हे डोंगरातलं छोटं गाव आहे. १९७६ साली तिथल्या लोकांनी चित्रपट महोत्सव सुरू केला तेव्हा गावात थिएटरच नव्हतं. तो आजही स्वयंसेवक चालवतात. त्याचं नाव झालं ते चित्रपटानंतरच्या चर्चेमुळे. ज्याने चित्रपट केला तो आणि ज्यांनी पाहिला ते समोरासमोर बसतात आणि प्रेक्षक तोंडावर मत सांगतात. पाहुणे तिथेही येतात, पण मिरवायला नाही, उत्तरं द्यायला येतात.

फिनलंडचं सोदानक्युला तर आर्क्टिक वर्तुळाच्या वर आहे. १९८६ पासून तिथे जूनमध्ये महोत्सव होतो, तेव्हा सूर्य मावळतच नाही. दिवाबत्ती म्हणतील तिथे पडदा लावायचा कसा! त्यांनी तंबू आणि सभागृहं घेतली आणि चोवीस तास खेळ ठेवले. माणूस मध्यरात्री सिनेमा बघून बाहेर येतो तो उन्हात. जी अडचण होती तीच त्यांची ओळख झाली. तिथे सकाळी दिग्दर्शकांशी गप्पा होतात आणि पीटर फॉन बाग हे त्यांचे संचालक जगातल्या थोर थोर दिग्दर्शकांना पहिला प्रश्न एकच विचारत: तुम्ही पाहिलेला पहिला चित्रपट कुठला?

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर 'स्क्रीन मशीन' नावाचं ट्रकवरचं थिएटर वर्षानुवर्षं फिरलंय, ८० आसनांचं. क्यूबात साठच्या दशकात ट्रकवर प्रोजेक्टर चढवून डोंगरातल्या वस्त्यांवर नेत. १९६७ सालच्या 'पोर प्रिमेरा वेस' (पहिल्यांदाच) या तिथल्या छोट्या माहितीपटात आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा बघणारे गावकरी दिसतात. पडद्यावर चॅप्लिन आहे आणि कॅमेरा मात्र बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर. मला वाटतं आपण सगळ्यांनी महोत्सवाच्या आधी तो एकदा बघावा, आपण कुणासाठी करतोय ते पोटात उतरतं.

सेनेगलच्या उस्मान सेंबेन यांनी कादंबऱ्या लिहिल्या, पण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना वाचता येत नाही हे लक्षात आल्यावर ते सिनेमाकडे वळले. सिनेमाला ते लोकांची रात्रशाळा म्हणत आणि स्वतः चित्रपट घेऊन गावोगाव जात, दाखवत आणि मग लोकांशी बोलत बसत.

फळाखडू

माझी नोकरी शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून दर महिन्याला एका गावात चित्रपट दाखवते. मी फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहीन, कारण तिच्यावरच रानजाईचा महोत्सव उभा राहील किंवा पडेल. ती म्हणजे चित्रपट संपल्यानंतरची पहिली दहा मिनिटं.

बहुतेक ठिकाणी काय होतं? चित्रपट संपतो, कुणीतरी सगळे दिवे भसकन लावतं, माइकवरून आभार सुरू होतात. माणसाच्या डोळ्यांत अजून पाणी असतं आणि त्याच्या तोंडावर ट्यूबलाइट. तो आधी डोळे पुसतो आणि मग निघून जातो. श्रेयनामावली चालू असताना एकच मंद, पिवळा दिवा लावा, तोही बाजूला. कुणी बोलू नका. तीन-चार मिनिटं काहीच करू नका. फार अवघड जातं हे, हात शिवशिवतात, पण थांबा.

मग "आवडला का?" असं विचारू नका. त्याला एकच उत्तर असतं, "हो, छान होता", आणि बोलणं तिथेच संपतं. "यातून काय शिकलात?" तर कधीच नको, शाळा सुटली त्यांची. मी विचारते, "डोळे मिटले तर कुठलं चित्र दिसतंय?" याला चुकीचं उत्तर नसतं. एकदा एका बाईने सांगितलं, "ती कुलूप लावून दोनदा ओढून बघते, ते." चित्रपटात ते दृश्य चार सेकंदांचंही नव्हतं. दुसरी म्हणाली, "मी पण दोनदाच ओढते." तिसरी म्हणाली, "एकटी राहणारी बाई दोनदाच ओढते." मग पाऊण तास मला काही विचारावंच लागलं नाही. रानजाईचे आजोबा आणि ही बाई, दोघांनी जे पाहिलं ते समीक्षकाच्याही नजरेतून निसटलं असतं. अशा माणसाला तिथे बोलायला जागा मिळावी, त्याचं कुणीतरी ऐकावं, एवढ्याचसाठी मी महोत्सव करीन.

माइक फिरवू नका. माइक हातात आला की माणूस भाषण करतो किंवा गप्प होतो. चाळीस-पन्नास जणांचे गट करा, प्रत्येक गटात तुमच्यातला एक, आणि त्याने फक्त ऐकायचं, लिहायचं. बायकांकडे नीट बघा. त्या मागे, कडेला बसतात आणि मुलं पेंगली की चित्रपट संपायच्या आतच निघतात. त्यांचं बोलणं रात्री होणारच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना जमेल त्या वेळी, त्यांच्या जागी जाऊन बसा. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली चर्चा तिथेच होते.

हे सगळं व्हायचं तर वेळ हवा, आणि वेळ हवा तर चित्रपट कमी हवेत. संध्याकाळी एक मुख्य चित्रपट, नव्वद मिनिटांच्या आतला, आणि आधी एक-दोन छोटे. बास. तीन दिवसांत पंधरा चित्रपट दाखवले हे पत्रकात शोभतं, पण माणसांच्या डोक्यात एकही राहत नाही.

भाषेचं राहिलं. सबटायटल्स वाचता न येणारे निम्मे असतील तर कुणीतरी शेजारी बसून जिवंत सांगायला हवं. यात कमीपणा नाही. जपानमध्ये मूकपटांच्या काळात बेन्शी पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगत, आणि लोक बेन्शीचं नाव बघून खेळाला येत. गावातला गोष्ट रंगवून सांगणारा माणूस शोधा, त्याला चित्रपट आधी तीनदा दाखवा, आणि जिथे पडद्यावर शांतता आहे तिथे त्यानेही गप्प राहायचं, एवढं मात्र घोटून घ्या.

स्पष्टवक्ता, तुमचे साठाचे अकरा झाले तेव्हा चित्रपटानंतर काय झालं होतं?

स्पष्टवक्ता

बाई, आभार झाले होते. आणि लगेच दुसरा चित्रपट. रोज तीन होते. खरंच, एकदाही कुणाला काही विचारलं नाही. हे असं कुणी विचारलं नव्हतं मला.

तरीही स्पर्धेबद्दल माझं मत कायम आहे, फक्त ती बाहेरच्यांची नको. गावातल्या मुलांनी फोनवर केलेल्या तीन-तीन मिनिटांच्या फिल्म पहिल्या संध्याकाळी सगळ्यात आधी दाखवा. पडद्यावर आपलं पोर, आपली गल्ली दिसणार म्हटल्यावर घरंच्या घरं येतात. आम्ही दुसऱ्या वर्षी ते केलं होतं, आणि आता लिहिताना वाटतंय की मैदान त्यानेच भरलं असावं, पाहुण्याने नाही. महिनाभर आधी दोन रविवार शिकवा: फोन आडवा धरा, बोलणाऱ्याच्या जवळ जा, एक शॉट निदान दहा मोजेपर्यंत हलवू नका. आणि ज्याला टिपताय त्याला आधी विचारा. मोठ्या पडद्यावर दिसणार आहे हे सांगून विचारा. एका आजींना ते सांगितलं नव्हतं आणि त्यांना फार वाईट वाटलं होतं.

दिवाबत्ती

बाईंचा पिवळा दिवा यंत्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. पांढऱ्या प्रखर दिव्यावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर कमी. भिंग झाकायचं आणि पुसायचं मऊ फडकं खिशात ठेवा. अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी आणि बाहेर पडायच्या दोन मोकळ्या वाटा या गोष्टी विसरण्यासारख्या नाहीत.

रानजाई

धागा वर काढते आहे. महोत्सव झाला!

पहिल्या संध्याकाळी मुलांच्या सात फिल्म. दिवाबत्तीदादांचं गणित होतं दोन-अडीचशेचं, माणसं त्याहून बरीच आली, मागे उभी राहिली. मुख्य चित्रपट सुरू झाल्यावर निम्मी घरी गेली, उरलेली शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी वारा. आमच्या वाऱ्यावरच्या मुलीने चाळिसाव्या मिनिटाला हात वर केला. लोक ओरडले, तिने ऐकलं नाही. पडदा उतरवून सगळा सरंजाम शाळेच्या भिंतीकडे हलवला, अर्धा तास गेला. पण त्या अर्ध्या तासात लोक पुढे काय होणार यावर आपापसात भांडत होते आणि आम्ही वायरी गुंडाळता गुंडाळता ऐकत होतो. तिसऱ्या दिवसाच्या चित्रपटाला त्या वितरकाचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. शाईपेनताई, राखीव चित्रपटाने वाचवलं.

फळाखडूबाई, रात्री गटांत बायका बोलल्या नाहीत, तुम्ही लिहिलंत तसंच. सकाळी त्यांच्याकडे गेलो तर त्यांनीच विषय काढला. एक जण म्हणाली, त्या सिनेमात म्हातारीला दिसत नाही, मग ती सुईत दोरा कसा ओवते? आम्ही लॅपटॉप उघडून ते दृश्य लावलं. म्हातारी दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करते, सुई गालाला लावते, आणि मग हात दिसतच नाहीत, एकदम ओवलेली सुई दिसते. "इथं कापलंय," ती म्हणाली. तिला कुणी संकलन शिकवलं नव्हतं. ते मी त्या दिग्दर्शकाला लिहून पाठवलंय.

आजोबाही आले होते. तिन्ही दिवस पुढच्या रांगेत होते.

आता एक अडचण. त्या बायकांपैकी चौघींना स्वतः काहीतरी टिपायचंय. फोन आहेत. पण उघड्यावर बोलणं टिपलं की वाऱ्याची घरघर येते, शब्द कळत नाहीत. कानसेनदादा, वेगळा माइक न घेता काही करता येईल का?

कानसेन

येईल. फोनच्या माइकच्या भोकावर स्पंजचा किंवा लोकरीचा छोटा तुकडा सैल चिकटवा, भोक बुजवू नका. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि बोलणाऱ्याला आपल्या आडोशाला घ्यायचं. हाताच्या अंतरापेक्षा लांब जायचं नाही. पहिलं टिपलंत की इथेच सांगा, कसं ऐकू येतंय ते.